अलेफ म्हणजे बैल

जुन्या ऑफिसातल्या आम्ही कोणी भेटलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग सुनांची, आणि चहा अर्धा झाला की कोणीतरी म्हणतंच, "ए शैला, ते हिब्रूवालं सांग ना!" असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात रिकामे डबे साचतात तसे ते साचत जातात. उपयोग काही नसतो, पण टाकवत नाहीत. पूर्वी मी हे सगळं हसत हसत सांगायची. ऐकणारे अजूनही हसतात. हल्ली मीच मधे थांबते.

त्र्याऐंशी साल. नागपुरात धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. सेंटर म्हणजे काय, मशीन एक, प्रिंटर एक, एसी एक (तोसुद्धा मशीनसाठी, आमच्यासाठी नाही!) आणि माणसं तीन. मालक बोंद्रे साहेब, प्रोग्रॅमर मुकुंदा धोटे आणि मी. पगारपत्रकं, शाळांचे निकाल, असली कामं चालायची.

मुकुंदा मौद्याकडचा. घरी धानाची शेती, आणि हा गणितात एम.एस्सी. करून आलेला. बोली मात्र त्याने गावाकडून जशी आणली तशीच ठेवली. क्लायंटसमोर जरा शुद्ध बोलत जा, असं साहेब त्याला सांगून थकले. तो म्हणायचा, "साहेब, मशीन तं तक्रार नाही करून राहिली!"

*

एक दिवस इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. अजनीच्या रेल्वे शेडमधून रिटायर झालेले, प्रतापनगरात भाड्याने राहणारे. साहेबांनी पॅड पुढे ओढलं.

"नाव?"

"एलिजा चौलकर."

साहेबांचं पेन थांबलं. "चौलकर म्हणजे कोकणातले. पण एलिजा?"

"तेही कोकणातलंच. आम्ही ज्यू. बेने इस्राएल."

"बरं, बरं. मग मूळचे कुठले?"

"अलिबागजवळचे."

"तसं नाही हो, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं होतं साहेब. कागदपत्रं सगळी वाहून गेली!"

मुकुंदा एसीच्या मागे जाऊन हसला. तेव्हापासून ते त्याचे 'काकाजी' झाले.

काम असं होतं. काकांना भिंतीवरचं कॅलेंडर छापून हवं होतं, त्यांच्या धर्माचं. नागपुरात त्यांची तेव्हा चार घरं होती. मुंबईचे एक चुलतभाऊ दरवर्षी कॅलेंडर पाठवायचे, ते इस्राएलला निघून गेले. काकांचा एकुलता एक मुलगा डॅनियलही तिकडेच, हैफ्याला. काकांची बायको रिबका काकू चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या, त्यांच्या स्मृतीचा दिवस हिब्रू तिथीनेच धरावा लागे. कोणता महिना कधी सुरू होतो ते सांगणारी एक छोटी पुस्तिका त्यांच्याकडे होती. बाकी प्रत्येक चौकटीत तारीख टाकायची, ती मात्र हिब्रू अक्षरांत.

"मग हातानेच लिहा ना," साहेब म्हणाले. "याला कॉम्प्युटर कशाला?"

काकांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. साहेबांनी पॅडवर काम लिहून घेतलं.

*

हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात, हे आम्हाला तेव्हा कळलं. पहिल्या अक्षराची किंमत एक, दुसऱ्याची दोन, असं करत योद म्हणजे दहा. तिथून पुढची अक्षरं वीस, तीस, चाळीस. मग शंभर, दोनशे, शेवटचं तव म्हणजे चारशे. हवा तो आकडा बेरजेने जमवायचा.

"अन् शून्य?" मुकुंदाने विचारलं.

"शून्य नाही."

साहेबांना एकदम देशाचा अभिमान वाटला. "अहो, शून्य आपण दिलं जगाला! तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, घेतलं का नाही?"

"आम्ही आलो तोवर आमचे आकडे ठरून गेले होते साहेब," काका म्हणाले. "नाहीतर घेतलं असतं की. मंगळसूत्र घेतलं, पुरणपोळी घेतली, आडनावं घेतली. शून्याचं ओझं काय झालं असतं?"

मुकुंदाला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. आपल्या एकाची किंमत जागेवर ठरते, दशकाच्या घरात बसला की दहा, शतकाच्या घरात शंभर. इथे तसं काहीच नव्हतं.

"आमच्यात जागेला किंमत नाही," काकांनी समजावलं. "अक्षर कुठेही बसवा, त्याची किंमत तेवढीच राहते."

मुकुंदाने साहेबांच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि म्हणाला, "असं तं आपल्या ऑफिसात पाहिजे होतं!"

*

प्रिंटरला इंग्रजी सोडून काही येत नव्हतं. एकेक हिब्रू अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बनवायचं होतं. मुकुंदाने आलेखाची वही आणली आणि चौकटी काळ्या करत बसला. काका शेजारच्या खुर्चीत बसून सांगायचे, "ही शेपटी जरा खाली. हा कोपरा गोल नको, गोल झाला की दुसरंच अक्षर होतं."

पहिलं अक्षर अलेफ. मुकुंदाने ते काढलं, वही लांब धरली आणि म्हणाला, "काकाजी, हे मले काहून ओळखीचं वाटून राहिलं? दोन शिंगं, मधी जू..."

"बैलच आहे तो," काका म्हणाले. "फार पूर्वी तिथे बैलाचं डोकं काढायचे म्हणे. अलेफ म्हणजे बैल."

मुकुंदा खुर्चीवरून उठलाच. "शैलाताई, पाहा वं! यायची बाराखडी बैलापासून सुरू होते! मंग हे परकी भाषा कशी झाली?"

पहिला छापील कागद निघाला तेव्हा मात्र सगळं उलटं होतं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि आमचा प्रिंटर बिचारा डावीकडून निघालेला. साहेब वैतागले. मुकुंदाने कागद काढला, शांतपणे खिडकीच्या काचेवर उलटा धरला आणि म्हणाला, "काकाजी, आज इकडून वाचा. उद्या दुरुस्त करतो."

आणि काकांनी खरंच वाचलं! खिडकीशी उभं राहून, दवाखान्याच्या पाटीवरून पलीकडे पाहत त्यांनी सगळा महिना वाचून काढला.

*

आता खरी गंमत. म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती.

दुसऱ्या खेपेला सगळ्या महिन्यांची पानं नीट निघाली. मुकुंदा इतका खूश झाला की त्याने तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला, म्हणून टेबलावर हा एवढा गठ्ठा झाला. काकांनी सगळ्यात आधी काकूंच्या दिवसाचं पान काढलं. त्यांचा दिवस पंधरावा. त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि काका उभेच राहिले. खिशातून छोटी गोल टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली.

"काही चुकलं का?" मी विचारलं.

"चुकलं नाही पोरी. हिशेब बरोबरच आहे." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दहा आणि पाच, म्हणजे 'योद' आणि 'हे' नावाची अक्षरं. पण ही दोन अक्षरं शेजारी आली की देवाचं नाव होतं. ते आम्ही असं लिहीत नाही. पंधरा लिहायचे तर नऊ आणि सहा. सोळालाही तसंच, नऊ आणि सात. सांगायला मी विसरलो. लहानपणापासून तसंच लिहिलं ना, त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच लक्षात आलं नाही."

"होते दुरुस्त," मुकुंदा म्हणाला आणि गठ्ठा उचलून कचऱ्याच्या पेटीकडे वळला.

"टाकू नकोस!" काका पहिल्यांदाच जोरात बोलले. "नाव आलं आहे त्याच्यावर. ते फाडत नाहीत, जाळत नाहीत. पुरावं लागतं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. प्रोग्रॅममधली चूक पुरावी लागते हे त्यांनी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलं नव्हतं! धंतोलीत पुरायला जागा कुठली? शेवटी मुकुंदा म्हणाला, "आमच्या वावरात चला."

रविवारी आम्ही एसटीने मौद्याला गेलो, तिथून बैलगाडीने पुढे. बांधावर एका बाभळीजवळ मुकुंदाने खड्डा खणला. काकांनी गठ्ठा पांढऱ्या कापडात गुंडाळून आणला होता. मुकुंदाचे वडील कमरेवर हात ठेवून बघत होते.

"काय पुरून राहिले गा?"

"देवाचं नाव आहे," काका म्हणाले.

"मंग पुरता काहून? आणा इकडं, भिंतीले लावतो!"

काका हसले, पण डोळे पुसले त्यांनी. खड्डा भरल्यावर वडिलांनी पायातल्या चपला बाजूला काढून ठेवल्या आणि मातीला हात लावून कपाळाला लावला. म्हणाले, "कोणाचं बी असो. आता आमच्या वावरात हाये नं."

*

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. कॅलेंडरच्या वरच्या बाजूला वर्षाचा आकडाही मुकुंदाने प्रोग्रॅमनेच टाकला होता. हजाराचा भाग लिहीत नाहीत, उरतात सातशे चव्वेचाळीस. चारशे, तीनशे, चाळीस, चार. चार अक्षरं, मोठी, ठळक, मुकुंदाने तर भोवती नक्षीही काढली होती.

काका एक प्रत घेऊन त्यांच्यातल्या दुसऱ्या एका घरी गेले. ते लोक इस्राएलला निघायच्या तयारीत होते, ट्रंका बांधलेल्या. त्यांची मुलगी कॅसेट लावून लावून तिकडची बोलती हिब्रू शिकत होती. तिने कॅलेंडर हातात घेतलं आणि खो खो हसत सुटली.

"काका, हे काय छापलंत? 'तुझा नाश होईल'!"

ती चार अक्षरं त्या क्रमाने लागली की तसाच शब्द होत होता. काका तसेच छत्री विसरून सेंटरवर आले. "मला प्रार्थना वाचता येतात," घाम पुसत ते म्हणाले, "पण अर्थ निम्माच कळतो. कोणाच्या भिंतीवर हे टांगायचं मी?"

साहेब आता मात्र भडकले. "चौलकर, आकडा तो आकडा! त्यात शुभ-अशुभ कुठून आणता? आम्ही इथे विज्ञानाचं काम करतो."

मुकुंदा मशीनसमोर बसल्या बसल्याच म्हणाला, "साहेब, आमची माय बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणते. तुमी बी संध्याकाळी सेंटर बंद करतो म्हणता का? वाढवतो म्हणता. मंग काकाजीचं वरीस काहून तसंच छापायचं?"

मग तो काकांकडे वळला.

"काकाजी, जागेले किंमत नाही नं? शेवटली दोन अक्षरं फिरवतो. चाळीस-चारच्या जागी चार-चाळीस. बेरीज तेच, शब्द गेला."

त्याने बोटं चालवली, प्रिंटर करकरला, कागद निघाला. काकांनी तो ओठ हलवत हलवत वाचला. मग त्यांनी मुकुंदाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि काहीतरी पुटपुटले. मुकुंदा लाजून लाल झाला.

पुढे कोणीतरी सांगितलं, त्या वर्षी तिकडेही बऱ्याच लोकांनी ती अक्षरं अशीच फिरवून लिहिली होती. हे मुकुंदाला सांगायचं राहिलं.

*

कॅलेंडर छापून झालं त्या दिवशी काका डबा घेऊन आले. "साहेब, काम झालं, मलिदा आणलाय."

साहेब ताडकन उभे! केबिनमध्ये तेव्हा एका सरकारी खात्याचे अधिकारी बसलेले होते. "चौलकर, मलिदा वगैरे काय बोलता मोठ्याने? इथे तसलं काही चालत नाही!"

काकांनी डबा उघडला. पोहे, गूळ, खोबरं, वेलची. त्यांच्यात काम तडीला गेलं की हा प्रसाद करतात, त्याचं नावच मलिदा. अधिकारी दोनदा मागून खाऊन गेले, आणि साहेबांचं अडलेलं टेंडर पुढच्याच आठवड्यात सुटलं. साहेब नंतर कितीतरी दिवस शपथेवर सांगायचे, "खोबऱ्याचा होता हो तो!"

*

पण कॅलेंडर लावायचं कुठे? छापून होईपर्यंत त्या चारातली दोन घरं निघून गेली होती. तिसरं घर मुंबईला मुलीकडे गेलं. काकांसमोर कॅलेंडरांचा गठ्ठा तसाच पडून राहिला. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "गेल्या वर्षी केलं असतं तर चार भिंती होत्या."

आम्ही एकेक प्रत घेतली. मी घरी स्वयंपाकघरात लावली. मुकुंदाने आपली मौद्याला नेली. त्याच्या वडिलांनी ती निरखून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "याच्यात पोळा कवा हाये?"

मुकुंदाने हिशेब केला. त्या साली पोळा आणि काकांचं नवं वर्ष अगदी लागून आले होते. काकांना मग पोळ्याला मौद्याला नेलं. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. काका एका पांढऱ्या बैलाच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. वडिलांनी विचारलं, दोघांचे सण जवळ कसे आले? काका म्हणाले, आम्हीही महिना चंद्रावरच मोजतो. अमावस्या झाली की आमचा नवा महिना.

वडील विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा चंद्र बी हाच हाये!"

येताना एसटीत काका मला म्हणाले, "डॅनियल म्हणतो, बाबा, तिथे एकटे काय करता, इकडे या. कागद तयार केलेत त्याने. जावं लागेल आता." पुढच्या सीटवर मुकुंदा झोपला होता, त्याचं डोकं गचक्यांनी खिडकीच्या गजावर आपटत होतं. काकांनी हात लांब करून आपला पंचा घडी करून मधे सरकवला.

*

दिवाळीनंतर मुकुंदा धान कापायला घरी गेला. चार-पाच दिवसांत येतो म्हणाला होता. आला नाही. साहेब कुरकुरले, "सगळं वावर एकटाच कापतोय का?" आम्हीही हसलो. फोन त्यांच्या गावात नव्हता.

मग गावचा एक माणूस आला. जिन्यातच उभा राहून म्हणाला, "मुकुंदा गेला."

कावीळ झाली होती. कोणी दंडाला मुळी बांधली, कोणी झाडपाल्याचं औषध दिलं. नागपूरला न्यायचं ठरलं तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता.

काकांना सांगायला साहेब स्वतः स्कूटर घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि खिडकीकडे पाठ करून बसले. म्हणाले, "कधी गेला, एवढंच विचारलं."

दोन दिवसांनी मी डबा घेऊन प्रतापनगरला गेले. खोलीचं दार सताड उघडं होतं. आरशावर चादर टाकलेली. काका जमिनीवर बसले होते, अनवाणी, दाढी वाढलेली. शर्टाची कॉलर फाटलेली होती. नीट पाहिलं तर ती फाटलेली नव्हती, फाडलेली होती. मी डबा ठेवला. त्यांनी मान हलवली. मीही तिथेच खाली बसले.

तेवढ्यात घरमालकीणबाईंनी जिन्याखालून हाक मारली. "चौलकर काका, फोन! परदेशातून!"

काका भिंतीला धरून उठले. मी त्यांना आधार देत जिना उतरवला. त्या काळी परदेशचा फोन म्हणजे ओरडावं लागायचं. काका जन्मात कधी मोठ्याने बोलणारे नव्हते. पण पलीकडे काही ऐकू जात नसावं.

"डॅनियल! नंतर कर! नंतर! आत्ता मी बोलत नाही!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"सुतक आहे! घरात सुतक आहे!"

घरमालकीणबाई पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, कोण, कोण, असं तो विचारत होता.

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तुझा भाऊ गेला रे!"